इंजिनवर ३४ वर्षं काढून ट्रेन सिम्युलेटरला बसलो तेव्हा

प्रश्न असा आलाय: "काका, तुम्ही इतकी वर्षं खरी गाडी चालवली, ट्रेन सिम्युलेटर गेम पहिल्यांदा खेळलात तेव्हा काय वाटलं? खऱ्याच्या कितपत जवळ आहे? आणि माझी गाडी दर वेळी एकतर प्लॅटफॉर्मच्या पुढं निघून जाते नाहीतर अलीकडंच थांबते, त्याचं काय करू?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. १९८४ ला डिझेल असिस्टंट म्हणून लागलो, सुरुवातीची बरीच वर्षं मालगाडी आणि मिरज लाईन, म्हणजे शिंदवण्याचा घाट, मग इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग करून पुणे-मुंबई, आणि २०१८ ला मेल-एक्स्प्रेसवरनं रिटायर झालो. आता चिंचवडला असतो, खिडकीतनं लाईन दिसत नाही पण रात्री हॉर्न येतो. कॉम्प्युटर गेमचा आणि माझा संबंध शून्य. नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या बापानं हा गेम घेतला, आणि नातू म्हणाला आजोबा तुम्ही बसा, तुम्हाला तर येतंच.

येतंच! इथंच पहिला घोळ झाला.

गेम इंग्लंडचा, लंडनचं पॅडिंग्टन ते रेडिंग. अंतर ५८ किलोमीटर, म्हणजे धरून चाल आपलं पुणे-लोणावळा. गाडी त्यांची ती जुनी प्रसिद्ध हायस्पीड, १९७६ पासून या लाईनवर चालायची, दोन्ही टोकांना डिझेलची एकेक पॉवर कार, म्हणजे इंजिनच. लाईन एकदम सपाट, ती बांधणाऱ्या इंजिनियरच्या नावानं तिकडचे लोक तिला ब्रुनेलचं बिलियर्ड टेबल म्हणतात, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या हातानं, सिग्नलही लाल, पिवळा, डबल पिवळा, हिरवा. मला वाटलं आता काय, घरचंच आहे सगळं. गाडी काढली, रंगात आलो, रेडिंग जवळ आलं, मीटरवर काटा ९० वर. नव्वदला गाडी कुठं धरायची हे मला झोपेतही सांगता येतं, त्या हिशोबानं ब्रेक घेतला आणि बघतो तर गाडी ऐकेचना. प्लॅटफॉर्म सुरू झाला, बाकडी गेली, पाट्या गेल्या, माणसं गेली, प्लॅटफॉर्म संपला आणि आम्ही अख्खी गाडी घेऊन पलीकडं. नातू खो खो हसतोय. मीटर मैलाचा होता! ९० मैल म्हणजे जवळजवळ १४५ किलोमीटर.

आता याच्यातच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे म्हणून हे जरा नीट बघ. वेग ९० चा १४५ झाला म्हणजे दीडपटीच्या थोडं वर. पण थांबायला लागणारं अंतर दीडपट होत नाही, ते वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे इथं २.६ पट. नव्वदला ६०० मीटर लागत असतील तर त्याच ब्रेकला एकशे पंचेचाळीसला दीड किलोमीटरच्या वर लागतात. मी सहाशे-सातशे मीटरवर ब्रेक घेतला होता, पुढचं तू बघितलंसच.

अजून एक गंमत सांगतो. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर माझा हात कीबोर्डवर गेलाच नाही. हात गेला हवेत, जिथं ए-नाइनचं, म्हणजे गाडीच्या ब्रेकचं, हँडल असायला पाहिजे तिथं, आणि पाय जमिनीवर असे रोवले की चाकांची खुर्ची मागं सरकून कपाटावर आदळली. बायको किचनमधनं धावत आली, काय पडलं म्हणून. तर गेम खोटा आहे का? अंग तर फसलं ना. डोळा आणि कान यांना तो व्यवस्थित फसवतो, काचेवरचा पाऊस, बोगद्यात शिरताना बदलणारा आवाज, रात्री सिग्नलचा रंग रुळावर पडतो तो, हे सगळं बघून मी खरंच गप्प बसलो दोन मिनिटं. फसत नाही ते बूड. हसू नकोस, गाडी आम्ही बुडानंच चालवतो. मागचे डबे कधी दाबून आले, कधी ताणले गेले, ब्रेक मागपर्यंत पोचला की नाही, चाक घसरतंय का, हे मीटरच्या आधी सीटमधनं कळतं. खुर्चीतनं काहीच कळत नाही, म्हणून गेममध्ये मीटर जास्त बघावे लागतात आणि मीटर बघत बसलं की बाहेरचं सुटतं. पहिले आठ दिवस माझा हाच प्रॉब्लेम होता.

म्हणून माझं मत असं आहे की ट्रेनचा गेम चांगला की वाईट हे ग्राफिक्सवर ठरवू नये, ब्रेकवर ठरवावं. गाडी पळवायला काय, नॉच दिला, म्हणजे इंजिनची ताकद पायरीपायरीनं वाढवली, की कुणीही पळवतो.

आपल्या गाडीत ब्रेक कसा लागतो ते थोडक्यात बघ. इंजिनपासनं शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप असतो, ब्रेक पाइप, त्यात ५ किलो दाबाची हवा. हवा भरलेली असली की ब्रेक सुटलेला, हवा कमी केली की ब्रेक लागतो. उलटं वाटतं पण त्यात शहाणपण आहे, गाडी तुटली, पाइप तुटला, तर हवा आपोआप जाते आणि दोन्ही तुकडे थांबतात. पॅसेंजर गाडीला दुसराही पाइप असतो, फीड पाइप, ६ किलो दाबाचा. आता ड्रायव्हरनं हँडल फिरवलं की हवा इंजिनकडनं कमी व्हायला लागते आणि ते मागं मागं पोचत जातं. २४ डब्यांची गाडी पावणेसहाशे मीटर लांब असते. शिवाय डब्याच्या ब्रेक सिलिंडरमध्ये हवा भरायला वेळ लागतो, पॅसेंजरला ३ ते ५ सेकंद, आणि मालगाडीला मुद्दाम हळू ठेवलेलं असतं, १८ ते ३० सेकंद, नाहीतर पुढचे वॅगन थांबायला लागतील आणि मागचे येऊन धडकतील. सुटायला तर अजून जास्त, पॅसेंजर १५ ते २०, मालगाडी ४५ ते ६० सेकंद. साठ सेकंद म्हणजे केवढा वेळ असतो ते घड्याळ लावून बघ एकदा.

हलक्या गेममध्ये, मोबाइलवरच्या बऱ्याचशा गेममध्ये, हे काहीच नसतं. बटण दाबलं की ब्रेक, सोडलं की सुटला, रिक्षासारखं. लहान मुलांना ठीक आहे, माझा धाकटा नातू त्यावरच खूश आहे, आणि जपानचा तो जुना डेन्शा दे गो, १९९६ चा, तो तर मुळात आर्केडमधला खेळ, त्याची मजा बरोब्बर खुणेवर गाडी उभी करण्यात, त्याला कशाला नावं ठेवा. पण "सिम्युलेटर" म्हणत असतील तर मी पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन बघतो की ब्रेकचा आणि कंट्रोलचा साधा आणि खरा असा पर्याय दिलाय का. तुझ्या गेममध्ये असेल तर आज रात्रीच खऱ्यावर टाक. दोन दिवस शिव्या देशील, मग सोप्याकडं परत जाणार नाहीस.

पैसे घालायचे नसतील तर ओपन रेल्स बघ, फुकट आहे. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला होता, त्याचे रूट आणि इंजिनं यात चालतात, आणि आपल्याकडच्या हौशी पोरांनी भारतीय इंजिनं, निळे डबे, स्टेशनं बनवलीयत त्यासाठी, फावल्या वेळात, कुणी पगार देत नसताना. चित्र जुनाट दिसतं, झाडं म्हणजे पुठ्ठे उभे केल्यासारखी. पण २४ डबे लावून ब्रेक घेतला आणि मला पहिल्यांदा वाटलं की मागं काहीतरी आहे. नातवाला अर्थात आवडला नाही, तो म्हणतो आजोबा याच्यात माणसांना तोंडच नाहीये.

घाटाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. कर्जत ते खंडाळा, बोरघाट, ३७ फुटाला १ फूट चढ. १८६३ ला सुरू झालेली लाईन आहे ही, आणि १९२९ पर्यंत मध्ये एका ठिकाणी गाडीला चक्क तोंड फिरवून उलटं जावं लागायचं, मग बोगदे पाडून नवी अलाइनमेंट केली. अमेरिकेच्या कॅहोन पास या घाटाचं गेममध्ये फार कौतुक असतं, मीही खेळलो, भारी आहे, पण त्यांचा एक जुना ३ टक्क्यांचा ट्रॅक सोडला तर चढ २.२ टक्के, आपला २.७. बाहेरच्यांना एक गोष्ट नेहमी उलटी वाटते, मुंबईकडं जाणारी गाडी ती अप, त्यामुळं आपल्याकडं घाट उतरते ती अप आणि चढते ती डाऊन.

चढताना सोपं असतं, कर्जतला मागं बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात, ते ढकलतात, तुम्ही ओढता, लोणावळ्याला ते सुटतात. भीती उतरताना. नवीन पोरगं काय करतं, वेग वाढला की ब्रेक घेतं, कमी झाला की सोडतं, परत वाढला की परत घेतं. प्रत्येक वेळी डब्यांच्या टाकीतली, म्हणजे ब्रेक सिलिंडरमध्ये जाते ती, हवा थोडी थोडी खर्च होते, आणि सिंगल पाइपच्या मालगाडीत ती परत भरायला ब्रेक पाइप पूर्ण चार्ज व्हायला लागतो, तेवढा वेळ घाट तुम्हाला देत नाही. चार-पाच वेळा असं खेळलं की हँडल आहे, पाइप आहे, आत हवाच नाही. म्हणून इंजिनचा इलेक्ट्रिक ब्रेक धरून ठेवायचा, हळूच उतरायचं, आणि हवेचा ब्रेक असा राखून वापरायचा की जसा महिनाअखेरचा पगार. शिवाय घाटात कॅच सायडिंग आहेत, म्हणजे लाईनला फुटलेला आणि डोंगरात वर चढत जाणारा आंधळा फाटा. पॉइंट मुळात त्या फाट्याकडंच लावलेला असतो, तुमची गाडी ताब्यात आहे हे दिसलं की मगच मेन लाईनचा सिग्नल मिळतो. सुटलेली गाडी आली तर तिकडं जाऊन चढावर थांबावी म्हणून.

गेममध्ये हे बघायचं असेल तर कॅहोनवर लांब मालगाडी घे आणि मुद्दाम चुका कर. अमेरिकन मालगाडीत तर अजून एक भानगड आहे, तिथं ब्रेक थोडासा सोडता येत नाही, सोडला की पूर्ण सुटतो. मी आपल्या सवयीनं "थोडा कमी करू" म्हणून हँडल हलवलं आणि गाडी जी सुटली ती सुटलीच. चौतीस वर्षांत जे झालं नाही ते चिंचवडच्या हॉलमध्ये झालं. घाम आला होता मला, खोटं सांगत नाही, आणि नातू शेजारी चिप्स खातोय.

जे नाहीये ते पण सांगतो. कॉशन ऑर्डर नाही. ड्युटीवर चढताना हातात कागद मिळायचा, अमुक किलोमीटरपासनं अमुकपर्यंत ३०, इथं काम चालू, तिथं रूळ नवीन, आणि ते सगळं डोक्यात घेऊन चालवायचं. गेममध्ये कोपऱ्यात आकडा येतो पुढचं लिमिट इतकं आणि इतक्या मीटरवर, मग डोकं चालवायचं कारणच उरत नाही. असिस्टंट नाही. आम्ही प्रत्येक सिग्नल मोठ्यानं बोलतो, हात करून, आणि असिस्टंट तोच परत बोलतो, दोघांचं जुळलं पाहिजे. मी गेम खेळतानाही सवयीनं ओरडलो "डबल यलो!" तर किचनमधनं बायकोचा आवाज, "डबल यलो!" तिनं आयुष्यभर माझी बडबड ऐकलीय. आता नातू पण बोलतो, पण तो हिरव्याला सुद्धा "पळवा" म्हणतो. कर्जतचा वडा नाही हे तर आहेच. आणि गेममध्ये रुळावर कुणी येत नाही. दापोडी-खडकीच्या मध्ये गाडी चालवलेल्या माणसाला विचार, हॉर्नवर हात ठेवून किती किलोमीटर जातो ते. ते गेममध्ये नाही ते बरंच आहे, त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षितपणे खरी वाटली, झोप उडवायची यंत्रं. त्या इंग्लंडच्या गाडीत सिग्नलच्या आधी इंजिनमध्ये आवाज होतो, हिरव्याला घंटी, नाहीतर भोंगा, आणि भोंग्याला दोन-तीन सेकंदात बटण दाबलं नाही तर ब्रेक स्वतःच लागतो. दाबलं की समोर काळी-पिवळी सूर्यफुलासारखी चकती दिसते, म्हणजे तू बघितलंयस हे तुला आठवण राहावं. आपल्याकडं नव्या इंजिनात व्हीसीडी, म्हणजे ड्रायव्हर जागा आहे का ते बघणारं यंत्र, आहे, ६० सेकंद तुम्ही काही केलं नाही, नॉच नाही, हॉर्न नाही, ब्रेक नाही, तर दिवा लुकलुकतो, ८ सेकंदांनी आवाज, अजून ८ सेकंद आणि मग ब्रेक. लोक गेममध्ये हे कटकट म्हणून बंद करून टाकतात. करू नकोस. पहाटे तीन ते पाच काय असतं हे दुपारी चारला खेळणाऱ्याला कळणार नाही, पण निदान हाताला सवय तरी लागते.

आता तुझं प्लॅटफॉर्मचं. पहिलं म्हणजे गाडी सुटल्यावर थोडा वेग आला की मोकळ्या जागेत एकदा ब्रेक घेऊन बघ, किती वेळानं लागतो, वेग किती पडतो, किती वेळानं सुटतो. याला आम्ही ब्रेक फील टेस्ट म्हणतो, प्रत्येक गाडीला करतो, रोज तीच गाडी असली तरी, कारण आज मागं लागलेले डबे वेगळे. हे न करता थेट स्टेशनात ब्रेक घेणारा माणूस म्हणजे मीठ न चाखता पंगत वाढणारा.

दुसरं, स्क्रीनवरचा मीटर मोजणारा आकडा बंद कर आणि खूण धर. तळेगावला येताना माझी खूण एक चिंच होती, चिंच गेली की पहिला ब्रेक. नंतर ती चिंच तोडली तेव्हा मी महिनाभर वैतागलो होतो आणि शेवटी एका खांबाचा नंबर धरला. गेममध्येही प्रत्येक स्टेशनाच्या अलीकडं काहीतरी असतंच, पूल, सिग्नल, टाकी. तिथं ब्रेक घे, कुठं थांबली बघ, पुढं गेली तर खूण अलीकडं घे. तीन फेऱ्यांत स्टेशन पाठ होतं. नवीन लाईनवर आम्हालाही आधी दुसऱ्याच्या मागं उभं राहून लाईन शिकायला लागते, दिवसा आणि रात्री, तुला पहिल्याच फेरीत कसं जमेल?

तिसरं, तुझी चूक बहुतेक ही आहे की तू उशिरा घेतोस आणि मग शेवटी जोरात घेतोस, किंवा घाबरून लवकर जोरात घेतोस आणि प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी १० च्या वेगानं सरपटतोस. ब्रेक लवकर घ्यायचा, बऱ्यापैकी घ्यायचा, आणि वेग पडत जाईल तसा हलका करत आणायचा. प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी ४०-५० असला तरी चालतो, गाडी ताब्यात असली म्हणजे झालं. आणि सुटायला १५-२० सेकंद लागतात हे वर सांगितलंय ते विसरू नकोस, तुला जिथं हलका पाहिजे त्याच्या आधी हँडल हलवायला लागतं. शेवटचा डबाभर अंतर अगदी हलक्या ब्रेकवर, नाहीतर थांबताना असा झटका बसतो की दारात उभे असलेले एकमेकांवर पडतात. गेममध्ये कुणी पडत नाही, पण आपण पडले असं धरायचं.

पाऊस लावून खेळत असशील तर धो धो पावसापेक्षा पहिल्या सरीला जास्त जपायचं, धूळ आणि तेल यांचा चिखल होतो रुळावर आणि चाक साबण लावल्यासारखं जातं. जूनचा पहिला आठवडा आम्हाला सगळ्यात नकोसा असायचा. चांगल्या गेममध्ये वाळूचं बटण असतं, चढावर चाक फिरायला लागलं की नॉच कमी कर, वाळू दे, मग परत हळूहळू वाढव. बटण दाबूनच धरून बसू नकोस, वाळू संपते.

नातवाची प्रगती विचारशील तर रेडिंगला तो आता दीड डबा पुढं-मागं थांबतो, मी अर्धा. मैलाचा मीटर अजून मला खटकतो, मी मनात किलोमीटर करतो आणि तोवर सिग्नल येतो.

तू कुठल्या खुणेला ब्रेक घेतलास आणि गाडी कुठं थांबली ते लिही, पुढचं मग सांगतो. आणि खुर्ची चाकांची असेल तर भिंतीला टेकवून ठेव.